ओडा हीच थेसा

आमच्या घरातला स्मोक अलार्म रोज संध्याकाळी एकदा वाजायचा. पहिली पोळी तव्यावरून उतरली की आई तिचा नखाएवढा तुकडा मोडून शेजारच्या तापलेल्या कॉइलवर टाकायची. इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या त्या भाड्याच्या घरात गॅस नव्हता, विजेची शेगडी होती. तुकडा जळायचा, धूर जिन्याकडे जायचा आणि अलार्म किंचाळायला लागायचा. मग मी किंवा बाबा, जो जवळ असेल तो, टॉवेल घेऊन त्याच्याखाली वारा घालायचा. शेजारच्या म्हाताऱ्या बाई पहिल्या वर्षी दोनदा दार वाजवून गेल्या; नंतर त्यांनी त्या आवाजावर घड्याळ लावायला सुरुवात केली असावी. बाबा म्हणायचे, "अनु, अग्नीला घास दे, पण फायर ब्रिगेडला पंगतीला बोलावू नकोस." आई हसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तुकडा टाकायची. वाईला तिच्या माहेरी चूल होती, आणि पहिला तुकडा चुलीत टाकायचं काम तिच्या मोठ्या बहिणीकडे होतं. बहीण घर सोडून गेल्यावर ते आईकडे आलं. तिने ते इंग्लंडपर्यंत आणलं.

त्या घराचे आवाज मला अजून क्रमाने सांगता येतात. सकाळी लांबून मोटरवेची एकसुरी घरघर, सात वाजता बॉयलरचा ठोका, मग कुकरच्या तीन शिट्या, कारण कामावर जाण्याआधीच आई संध्याकाळचं वरण शिजवून ठेवायची. संध्याकाळी अलार्म, आणि जेवणानंतर मॉडेमची चिरकी खरखर, म्हणजे पुढचा तासभर आमचा फोन कोणालाही लागणार नाही. पालेभाजी म्हणून इथला जाड पानांचा कोबी यायचा. आई तो बारीक चिरून दाण्याचं कूट घालून करायची आणि कधीही चांगला झाला असं म्हणायची नाही. बाबा मोटरवेलगतच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचे. आई हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात होती. एकाच पेशंटच्या दोन फायली झाल्या असतील तर त्या शोधून एक करायच्या, हे तिचं काम. बाई लग्नाआधी एका आडनावाने येते, लग्नानंतर दुसऱ्या; नवी फाइल उघडली जाते, आणि तिला पेनिसिलिन चालत नाही ही नोंद जुन्या फाइलमध्येच राहते. आई जन्मतारीख, रक्तगट, लहानपणी मोडलेलं हाड असं एकेक जुळवायची. "नाव शेवटी बघायचं," ती सांगायची. "नाव हा सगळ्यात कच्चा पुरावा." पुढे मी बातमीदारी केली. पुराव्याविषयी याहून नेमकं मला कोणत्याच संपादकाने सांगितलं नाही.

आता एका इंग्रजी कादंबरी-मालिकेविषयी. मालिकेचं नाव मी इथे देत नाही. लेखक हयात नाही आणि त्याची बाजू मांडायला कोणी उरलेलं नाही. राजघराणी, किल्ले, सात समुद्र, नकाशे, शेवटी वंशावळी. पाच जाड खंड आले होते आणि सहावा, शेवटचा, यायचा होता. माझ्या वर्गातली निम्मी मुलं ती वाचत होती. पहिला खंड मी लायब्ररीतून आणून स्वयंपाकघरात विसरले आणि तो आईने उघडला. ती इंग्रजी सावकाश वाचायची, ओळीखाली बोट धरून, कधी ओठ हलवत. मला वाटलं दहा पानांत सोडेल. महिन्याभरात ती माझ्या पुढे होती. भारतातून येणाऱ्या दिनदर्शिकेची जुनी पानं ती उलटी करून फ्रिजवर लावायची आणि त्यांवर कोण कोणाचा कोण ते काढायची. मामाचा मुलगा, दत्तक गेलेला भाऊ, सवतीची मुलगी. लेखकाने जे नातं एकदाच ओझरतं सांगितलं होतं, ते आईच्या पानावर ठळक असायचं.

दुसऱ्या खंडाच्या शेवटी थेसा नावाची धाकटी राजकन्या वेढ्यातून एकटी निसटते. एका लहान होडीत बसून ती खाडीत जाते आणि पुढे पुस्तकात येत नाही. चौथ्या खंडात एका खारपट्टीवर मिठागर चालवणाऱ्याची बायको भेटते. तिचं नाव ओडा. ती थकलेल्या सैनिकांना भाकरी वाढते, तीन पानं बोलते आणि संपते. एका रविवारी मी गृहपाठ करत होते आणि आई समोर मटार सोलत होती. ती एकदम थांबली.

"मेघू, ती मिठाची बाई आहे ना, ती राजकन्याच आहे."

"कोण, ओडा? आई, नो वे. ती गरीब आहे."

"गरीब झाली. भाकरी भाजताना ती पहिला तुकडा जाळात टाकते. बघ पान. आणि पहिल्या खंडात थेसा आजारी दाईसाठी भाकरी करते, तेव्हा काय करते?"

मी पान शोधलं. थेसा पहिला तुकडा जाळात टाकत होती. पाच खंडांत हे आणखी कोणीही करत नव्हतं. ते नंतर मी स्वतः तपासलं.

"पण मग तिची नाव ओडा कसं?" मी विचारलं. माझं मराठी तेव्हा असं होतं.

आईला माझा प्रश्नच कळला नाही. "अगं, लग्न झालंय ना तिचं? मग नाव बदललेलंच असणार."

ती हे युक्तिवाद म्हणून सांगत नव्हती. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहितात आणि पोरगी ते नाव घेऊन आत येते, एवढंच तिला माहीत होतं. ती स्वतः वाईची कुमुद, पुण्यात येऊन अनुराधा झाली होती. जगातल्या कोणत्याही राज्यात याहून वेगळं काही होत असेल असं तिच्या मनातही आलं नाही.

त्या मालिकेच्या वाचकांचा इंटरनेटवर एक फोरम होता. तिथे रोज असे तर्क मांडले जायचे: अमक्याचा खरा बाप तमका, आंधळा गवई म्हणजेच मेलेला राजा. मी आईचा तर्क तिथे लिहिला. माझ्या नावाने लिहिला, हे नोंदवते. पहिल्या दिवशी कोणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी कार्डिफच्या एका विद्यार्थिनीने आक्षेप घेतला: त्या राज्यात बायका लग्नानंतर आडनावसुद्धा बदलत नाहीत, मग पहिलं नाव कसं बदलेल? मी आईला विचारून उत्तर लिहिलं, की आमच्याकडे बदलतं, आणि सवय बदलत नाही म्हणूनच माणूस ओळखू येतो. त्यानंतर फोरम पेटला. लोकांनी आणखी पुरावे काढले. ओडाची मुलगी डावखुरी आहे, थेसाची आई डावखुरी होती. ओडा होडीत पाय ठेवत नाही. कार्डिफवालीने शरणागती पत्करली आणि ती त्या तर्काची सगळ्यात कडवी प्रचारक झाली. आई रोज भांडी आवरून हात पुसत माझ्यामागे येऊन उभी राहायची.

"काय म्हणतायत ग आज?"

"म्हणतायत, यू आर अ जीनियस."

"मला कुठे म्हणतायत, तुला म्हणतायत," ती म्हणायची. तिच्या आवाजात तक्रार नसायची, आणि त्यामुळे मला जास्त लाज वाटायची.

मालतीमावशीबद्दल मला तिने त्याच दिवसांत सांगितलं. साखर कारखान्याच्या यंत्रांबरोबर इंदूरचा एक फिटर आला होता. मावशी त्याच्याबरोबर गेली. तो जातीतला नव्हता. आजोबांनी तिचं नाव घ्यायला घरात बंदी केली. त्या माणसाला सगळे फिटरच म्हणत. त्याचं आडनाव शर्मा होतं की वर्मा, यावर आई आणि शरदमामा यांचं कधी एकमत झालं नाही. मावशीचं एकच पत्र आलं, तेही आईच्या मैत्रिणीच्या पत्त्यावर. त्यात होतं: मी बरी आहे, इकडे सासूबाईंनी माझं नाव बदललं आहे, पुढच्या पत्रात सांगते. पुढचं पत्र आलं नाही. आईचं म्हणणं होतं की ताई आहे, इंदुरातच आहे, फक्त कोणत्या नावाने विचारायचं ते माहीत नाही. दर भारतभेटीत ती इंदूरचा विषय काढायची आणि दर वेळी बाबा म्हणायचे, "या वेळी सुट्टी कमी आहे. पुढच्या वेळी बघू."

ओडाच्या तर्काने आईमध्ये बदल झाला. तो मी पाहिला, पण तेव्हा मला तो समजला नाही. दूरदेशीच्या शेकडो अनोळखी लोकांनी मान्य केलं होतं की नाव हरवलेली बाई एका सवयीवरून सापडू शकते. ती म्हणाली, "डिसेंबरमध्ये इंदूरला जाऊ. चार दिवस राहू. देवळात, बाजारात, बायकांना विचारू. वाईची, उजव्या भुवईवर खोक, पहिला तुकडा जाळात टाकते. इतकं पुरे." बाबा वर्तमानपत्र वाचत होते. "बघू," ते म्हणाले.

शरद ऋतूत लेखक लंडनमधल्या एका पुस्तकाच्या दुकानात येणार असल्याचं फोरमवर जाहीर झालं. त्यालाच विचारू, ही कल्पना माझी. कोणी सुचवली नव्हती. तर्क छान होता, लोक त्यावर सुखाने भांडत होते, कोणालाही उत्तराची गरज नव्हती. मला मात्र उत्तर हवं होतं. प्रश्न विचारण्याआधी त्याचं उत्तर नेमकं कोणाच्या अंगावर पडणार आहे हे पाहावं, असं मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर जिथे मी प्रश्न विचारण्याचा पगार घेतला तिथेही ते कोणी शिकवलं नाही.

शनिवारी दुपारी आम्ही दोघी ट्रेनने गेलो. आईने निळा कोट घातला होता आणि फ्रिजवरचं पान घडी करून पर्समध्ये ठेवलं होतं. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या. तिने खाल्ल्या नाहीत. गाडीत ती प्रश्न पुटपुटत होती. मी म्हटलं, "मी विचारते, तू घाबरशील." ती म्हणाली, "नाही. हा माझा आहे." माझ्या नावाने लिहिलेल्या तर्काविषयी ती तेवढंच बोलली.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. लेखक साठीचा, तपकिरी स्वेटर घातलेला, सौम्य माणूस होता. तिसरा प्रश्न आईचा होता. ती उभी राहिली आणि सावकाश, एकही चूक न करता इंग्रजीत म्हणाली की थेसा आणि ओडा दोघीही भाकरीचा पहिला तुकडा जाळात टाकतात, तर ओडा ही लग्नानंतर नाव बदललेली थेसाच आहे का. मागच्या रांगांतून टाळ्या आल्या. फोरमवरचे बरेच जण तिथे असावेत. लेखक क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला की तर्क फार सुंदर आहे, त्याच्या कथेपेक्षा सुंदर. तरुणपणी तो जिथे भाड्याने राहायचा तिथल्या एका बाईला त्याने तसं करताना पाहिलं होतं. ते आवडलं म्हणून वापरलं. चार वर्षांनी पुन्हा वापरलं, तेव्हा आधी वापरल्याचं विसरला होता. लोक हसले. तो पुढे म्हणाला, "थेसा बुडाली. मला वाटलं मी ते स्पष्ट लिहिलंय. होडी रिकामी परत आली."

मी ते पान कितीदा वाचलं होतं. होडी रिकामी परत येते, हे वाक्य तिथे आहे. तर्क मांडणाऱ्या आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं, आणि प्रत्येकाकडे त्याचं वेगळं स्पष्टीकरण होतं.

आई "थँक यू" म्हणून खाली बसली. तिने पर्स मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरली. सही घ्यायला आम्ही थांबलो नाही. परतीच्या गाडीत तिने पुऱ्यांचा डबा माझ्या हातात दिला. स्लाव स्टेशन मागे गेल्यावर म्हणाली, "त्याचं पुस्तक आहे. त्याने दोघी वेगळ्या केल्या. ठीक आहे. ताईचं तसं नाही. ताईने स्वतः लिहिलंय, नाव बदललंय म्हणून." मी हो म्हटलं. ती म्हणाली, "डिसेंबरचं पक्कं करायचं. आजच."

घरी पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. बाबांनी चहा टाकला. कसं झालं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "पुस्तकातली बाई मेली, त्यात काय एवढं," बाबा कप मांडत म्हणाले. त्यांचा हेतू धीर देण्याचा होता. आई कोट न काढता खुर्चीवर बसली.

"अहो, तिकीट काढा. इंदूरचं. तुम्हाला सुट्टी नसेल तर मी आणि मेघू जाऊ."

"अनु, थोडं थांब."

"किती वर्षं थांबू? दर वेळी तुमचं थांब. हॉटेल नको, शरद येईल बरोबर. मी त्याला उद्याच फोन करते."

बाबांनी चहाचं भांडं शेगडीवरून खाली ठेवलं आणि आचेचं बटण बंद केलं. ते तिच्याकडे न बघता बोलले.

"शरदला फोन करू नकोस. ताई नाहीत."

"नाहीत म्हणजे? इंदुरात नाहीत?"

"गेल्या. मेघू चार वर्षांची होती तेव्हा."

फिटरने वाईला मामाच्या दुकानात फोन केला होता. मामाने बाबांना ऑफिसात फोन केला. त्याच आठवड्यात आई हॉस्पिटलमधून घरी आली होती. माझ्यानंतरचं बाळ राहिलं नव्हतं. परदेशात एकटी आहे, आत्ता नको, महिन्याभराने सांगू, असं दोघांनी ठरवलं. परदेशातल्या माणसाला वाईट बातमी उशिरा सांगायची, ही आमच्या ओळखीच्या प्रत्येक घराची रीत होती. कोणाचे वडील जायचे आणि त्याला परीक्षा झाल्यावर कळायचं. त्याला काळजी म्हणत. महिन्याभराने आईची नोकरीची मुलाखत होती. मग आजोबा आजारी पडले. "मग सांगायची वेळच गेली," बाबा म्हणाले. "तू इंदूर इंदूर करायला लागलीस, तोवर फार उशीर झाला होता. काय तोंडाने सांगणार?"

आई रडली नाही. तिने विचारलं, "कशाने?" बाबांना माहीत नव्हतं. तिने विचारलं, "मुलंबाळं?" तेही माहीत नव्हतं. ती बोटांवर काही मोजत होती. मला वाटलं ती ताईचं वय मोजते आहे. "अकरा वर्षं," ती शेवटी म्हणाली. "म्हणजे सुतक नाही. इतक्या उशिरा कळलं तर नुसती अंघोळ." ती उठली, कोट खुंटीला लावला आणि वर गेली. बॉयलर संध्याकाळी सहा वाजता पुन्हा सुरू व्हायचा. नळाला गरम पाणी नव्हतं. मी आणि बाबा खाली उभे राहून पाणी पडल्याचा आवाज ऐकत होतो. बाबांनी दोनदा वर जायला पाऊल उचललं आणि गेले नाहीत. वीस मिनिटांनी ती ओले केस टॉवेलात बांधून खाली आली आणि तिने भाताला तांदूळ धुतले. बहिणीसाठी करण्यासारखं जे काही होतं, ते तेवढ्यात झालं.

रविवारी सकाळी तिने मामाला फोन लावला. मी जिन्यात बसले होते. तिने त्याला दोष दिला नाही. एकच गोष्ट विचारली: तिकडे ताईचं नाव काय ठेवलं होतं? पलीकडून मामाचा आवाज मला ऐकू येत होता, कारण तो ट्रंककॉलच्या काळातल्यासारखा ओरडून बोलायचा.

"नाव नाही ग विचारलं. तो म्हणाला, तुमची बहीण गेली. दुकानात गिऱ्हाईक होतं. मी बरं म्हटलं."

"बरं म्हटलंस?"

"मग काय म्हणायचं होतं, कुमे?"

नंतर बातमीदार म्हणून मी मृत्यूच्या नोंदी पुष्कळ शोधल्या, आणि एकदा स्वखर्चाने इंदूरलाही जाऊन आले. नोंदणी कार्यालयातला कारकून सभ्य होता. त्याने नाव विचारलं. नवऱ्याचं आडनाव विचारलं. मी शर्मा किंवा वर्मा म्हटल्यावर त्याने रजिस्टर मिटलं. आई तेव्हा हयात होती. मी तिला तिथे गेल्याचं सांगितलं नाही. तीही काळजीच.

बाबा आणि आई त्यानंतर एकत्रच राहिले. दोघांनी एकमेकांवर आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. फक्त बाबा काही सांगू लागले की ती ऐकून घ्यायची आणि मग तीच गोष्ट माझ्याकडून पुन्हा विचारून घ्यायची. गाड्यांच्या वेळा, डॉक्टरांचे रिपोर्ट, सगळं. हे तीस वर्षांच्या आसपास चाललं. बाबांच्या ते लक्षात आलं होतं.

त्या सोमवारी मी फोरमवर लिहिलं की हा तर्क माझ्या आईचा होता, तिने लेखकाला समोर उभं राहून विचारलं, आणि त्याने सांगितलं की थेसा बुडाली. मी दोन वाक्यांत संपवलं. जेवण झाल्यावर उत्तरं वाचायला बसले. आई हात पुसत येऊन मागे उभी राहिली. तशी उभी राहण्याची ती शेवटचीच वेळ.

"काय म्हणतायत?"

कार्डिफवालीने सगळ्यात लांब लिहिलं होतं. लेखक शेवटच्या खंडाचं गुपित राखण्यासाठी खोटं बोलतोय, असं तिचं ठाम मत होतं; भर सभेत तो खरं कसं सांगेल? बाकीच्यांनी तिला दुजोरा दिला होता. एकाने लेखकाच्या त्या क्षणभर गप्प राहण्यालाच नवा पुरावा ठरवलं होतं. शेवटचा खंड कधीच आला नाही, त्यामुळे त्यांना खोटं पाडायलाही पुढे कोणी उरलं नाही.

"त्यांचा विश्वास नाही बसत," मी सांगितलं. "म्हणतायत, ती आहे."

आईने पडद्यावरची ती लांब उत्तरं ओळीखाली बोट धरून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाली, "त्यांचं बरं आहे," आणि दिवा मालवायला सांगून झोपायला गेली.